बाळंतपणाच्या आगेमागे तोंड वाकडं झालं? आधी डॉक्टर, मग आम्ही

"सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळलं. आजच्या आज करंटचं मशीन लावून द्याल का?" असे फोन आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकला सारखे येतात. आमचं उत्तर ठरलेलं आहे : आज आमच्याकडे नको, आज डॉक्टरांकडे जा.

बेल्स पाल्सी (चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडणं) गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जास्त दिसते. चेहऱ्याची नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद वाटेत सुजून दबते. सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग. नेमके हेच तास "बाळ अंगावर पितंय, गोळ्या नकोत, आधी व्यायाम करून बघू" यात जातात. प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, दुधात फार थोडं उतरतं. तरी घ्यायचं का आणि किती, ते डॉक्टरच सांगतील. रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनंही त्याच वेळी तपासून घ्या.

कपाळाला आठी पडतेय पण तोंड वाकडं आहे, हातापायात जोर नाही, बोलणं अडखळतंय किंवा डोकं भयंकर दुखतंय, तर तडक हॉस्पिटल गाठा. तो प्रकार वेगळा असू शकतो.

मिटत नसलेल्या डोळ्याला मात्र पहिल्या दिवसापासून जपा. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी नीट मिटवून वर चिकटपट्टी. रात्री पाजायला उठल्यावर पट्टी सुटली असेल तर पुन्हा लावायची, हे घरातल्या कुणालातरी सांगून ठेवा. तुम्हाला झोपेत सुचणार नाही.

आता मशीनचं. आम्ही करंट देत नाही, म्हणून काहीजण नाराज होऊन दुसरीकडे जातात. जाऊ देत. त्याचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. फुगे फुगवणं, च्युइंगगम चघळणं, जोर लावून तोंड वेडंवाकडं करणं हेही नको. नस परत जुळताना चुकीच्या स्नायूंना जोडली जाऊ शकते. मग हसायला गेलं की डोळा मिटतो. ती सवय मोडायला कित्येक महिने लागतात, आणि आमच्याकडचं बरंचसं काम तेच असतं.

आम्ही आरशासमोर बसवून सावकाश, बारीक हालचाली शिकवतो. बहुतेकजणी पूर्ण बऱ्या होतात, त्यामुळे वीस-वीस सिटिंगचं पॅकेज आम्ही गळ्यात मारत नाही. तीन आठवड्यांत काहीच हालचाल दिसली नाही, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजाराआधीचा हसरा फोटो आणा. पुढची तपासणी व्हिडिओ कॉलवरही होते. तान्ह्या बाळाला घेऊन दर वेळी धावपळ नको.