कळलावीची बियांपासून लागवड

कळलावी ही पावसाळ्यात उगवणारी देशी रानवेल. वाघनखी आणि अग्निशिखा ही तिची आणखी दोन नावे. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पूर्वी तिला लिलीच्या कुळात धरत, आता ती कोल्चिकेसी कुळात मोडते. सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणाच्या झुडपांत, कोकणातल्या गडग्यांच्या कडेने ती साधारण जुलै ते सप्टेंबर फुलते. पानाच्या टोकाचाच तणावा होतो आणि त्याच्या आधाराने वेल शेजारच्या फांदीवर चढते. फूल खाली मान घालते, पण सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. कळी हिरवट, उमललेले फूल बुडाशी पिवळे व वर लाल, ओसरताना सगळेच तांबडे. हे सारे रंग एकाच वेलीवर सापडतात.

बागेसाठी रानातला कंद उपटून आणणे सोपे वाटते, पण ते करू नये. औषधासाठी खणून खणून अनेक ठिकाणी ही वेल आधीच विरळ झाली आहे. शिवाय कंद ठिसूळ असतो. त्याच्या दोन फाट्यांना टोकाशीच डोळा असतो. खणताना टोक मोडले की तो फाटा फुटत नाही. बियांची वाट लांबची असली तरी तीच खरी.

पावसाळा सरल्यावर फळे वाळून तडकतात आणि आत शेंदरी-लाल गोल बिया दिसतात. वरचा मऊ गर धुऊन काढावा, बिया सावलीत सुकवाव्यात आणि जूनपर्यंत कोरड्या ठेवाव्यात. ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते, त्यामुळे लगेच पेरण्यात फायदा नाही. पाऊस लागला की भुसभुशीत मातीत, पानांचे कुजलेले खत मिसळून, बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल पेरावे. सगळे बी एकदम रुजत नाही. पहिली रोपे वर आली म्हणून वाफा उकरू नये, मागे राहिलेले बी बऱ्याच उशिरानेही रुजते.

ओलसर बागेत हिला जपायचे ते पाणी साचण्यापासून. वाढीच्या महिन्यांत माती सतत ओली हवी, पण मुळाशी पाणी तुंबले की कंद कुजतो. म्हणून उताराची जागा किंवा उंच वाफा बरा. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. उन्हाळाभर कंद कोरड्या मातीत निजलेला असतो. नेहमी पाणी मिळणाऱ्या हिरवळीशेजारी ती टिकत नाही, हे लावण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

पहिल्या वर्षी मोजकी पाने आणि इवलासा कंद एवढेच होते. फुले साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात. फुलातला स्त्रीकेसराचा दांडा काटकोनात बाजूला वळलेला असल्याने आपोआप फळ कमी धरते. तामिळनाडूत, जिथे हे राज्यफूल आहे, बियांसाठी हिची शेती होते आणि सकाळी हाताने परागीकरण करतात. त्या बियांतून कोल्चिसिन काढतात. ते गाउट या सांधेदुखीच्या विकारावर दिले जाते.

तेच कोल्चिसिन घातकही आहे. वेलीचे सर्व भाग विषारी आहेत, कंद तर विशेष. तो रताळ्यासारखा दिसतो आणि चुकून खाल्ल्याने मृत्यू झाले आहेत. लहान मुले आणि गुरे फिरकतात तिथे ही वेल लावू नये. कंद हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.