लॅपटॉप अचानक बंद पडतो: उष्णतेमुळे की बॅटरीमुळे?

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रामबागेतल्या आमच्या गच्चीखालच्या खोलीत कूलरचा वारासुद्धा कोमट लागतो. अशाच एका दुपारी, चार्जर लावलेला असताना, माझा लॅपटॉप कोणतीही सूचना न देता बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने झाकणही न उघडता बॅटरी बदलायला सांगितली. मी ती बदलली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. दोष पंख्यामागच्या जाळीत होता. तिथे धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर बसला होता.

अति उष्णतेने बंद पडणे आणि बॅटरी थकल्याने बंद पडणे यांत घोटाळा होतो, कारण दोन्ही वेळा पडदा क्षणात काळा होतो. मात्र उष्णतेच्या बाबतीत त्याआधी काही खुणा दिसतात. लॅपटॉपमधल्या अनेक प्रोसेसरांची तापमानमर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तापमान तिच्याजवळ पोचू लागले की पंखा घरघरतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि काम रेंगाळते. तरीही ताप उतरला नाही, तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडते. लगेच चालू केल्यास ते काही मिनिटांत पुन्हा बंद पडते, अर्धा तास निवू दिल्यास बरे चालते. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी 35 अंशांपर्यंतचे तापमान सांगितलेले असते, हे लक्षात घेतले तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात गादीवर ठेवून, खालची जाळी झाकून काम करणे किती महागात पडू शकते ते कळते.

बॅटरीची गोष्ट वेगळी आहे. लिथियम-आयन घट, म्हणजे बॅटरीतला एकेक सेल, पूर्ण भरल्यावर सुमारे 4.2 व्होल्ट देतो आणि तीन व्होल्टच्या आसपास रिकामा मानला जातो. घट जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. मग एखादे जड काम सुरू होताच व्होल्टेज एकदम खाली बसते आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. कोपऱ्यात दिसणारे ‘35 टक्के’ हा मुळात अंदाजच असल्यामुळे तो आकडा पाहून भरवसा ठेवणारा माणूस फसतो. चांगली बॅटरी संपत आली, तर विंडोज आधी इशारा देते आणि बहुधा काम जतन करून झोपी जाते. थकलेली बॅटरी तेवढी उसंतच देत नाही. चार्जर लावताच मात्र लॅपटॉप तत्काळ उठतो, मग तो गरम असो वा गार.

त्यामुळे निदानाची सर्वांत सोपी कसोटी चार्जरच आहे. तेच जड काम चार्जर लावून करावे: तरीही लॅपटॉप तापून बंद पडला, तर संशय पंखा, धूळ किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारी, पण आता वाळलेली थर्मल पेस्ट यांवर घ्यावा. चार्जरवर तासन्‌तास नीट चालणारा लॅपटॉप चार्जर काढताच हलक्या कामातही मान टाकत असेल, तर बॅटरीच दोषी असण्याची शक्यता जास्त. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यातली मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी ठेवून पाहावी. सध्याची क्षमता निम्म्यावर आली असेल, तर वाद उरत नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद पाहून मात्र निष्कर्ष काढू नये. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते, आणि ती दोन्ही प्रकारांत सापडते.

दोन्ही दोष एकत्र असणेही अशक्य नाही, कारण सततच्या उष्णतेने बॅटरीच लवकर म्हातारी होते. दिवसभर चार्जर लावून, शंभर टक्क्यांवर, तापलेल्या खोलीत ठेवलेली तर विशेषच. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा तळाचे झाकण फुगलेले दिसत असेल, तर कोणतीही कसोटी करत बसू नये: चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि ती बॅटरी स्वतः न उघडता, न दाबता जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावी.