‘गरजेपोटी’ या शब्दामागचा इतिहास : नवी मुंबईतील गावांनी तग कसा धरला

नवी मुंबईतील मूळ गावांना अनिश्चिततेच्या काळात आधार कशाचा असतो, असे विचारले तर गावकी, भिशी, भजनी मंडळ आणि भाड्याच्या खोल्या ही नावे पुढे येतात. पहिली तिन्ही जुनी आहेत. चौथ्या नावाचा इतिहास जेमतेम अर्ध्या शतकाचा असला, तरी ‘गरजेपोटीच्या’, म्हणजे जमिनी संपादित झाल्यावर गावांनी विनापरवाना बांधलेल्या घरांचा सारा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

शहर येण्यापूर्वी येथे भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी होती. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारा बांध उधाणाने फुटला की शेजाऱ्याचेही पीक जाई, त्यामुळे त्याची डागडुजी हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते.

१९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेत गेले तसा बांधही गेला, पण बांधासाठी जमणारी गावकी उरली आणि तिचे पुढचे काम आंदोलन हे झाले. जानेवारी १९८४ मध्ये मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या आंदोलनावर गोळीबार होऊन ५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही वर्षांनी, १९९० मध्ये, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा निर्णय झाला. मात्र सार्वजनिक सुविधांसाठी त्यातून ३० टक्के वजावट होत असल्याने हाती प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच पडतात, हे योजनेच्या नावावरून कळत नाही.

भूखंड मिळेपर्यंत घरातली मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली आणि गावठाणाची हद्द मात्र होती तिथेच राहिली. मग गावठाणालगतच्या, कागदोपत्री महामंडळाच्या झालेल्या जमिनीवर विनापरवाना घरे उभी राहिली. प्रशासनाच्या भाषेत ती ‘अनधिकृत बांधकामे’ आणि गावाच्या भाषेत ‘गरजेपोटीची घरे’. दुसरा शब्द पुढे शासनाच्या कागदांतही रूढ झाला, पण गरज कोणती, याचा गुंता सुटला नाही. गरज म्हणजे कुटुंबाला डोक्यावर छप्पर, असा मर्यादित अर्थ घेतला तर वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्या त्यात बसत नाहीत. गावाच्या लेखी मात्र शेत आणि मिठागर गेल्यावर महिन्याचे भाडे हेच पीक होते, आणि उपजीविका ही गरज नसेल तर मग काय असते, हा त्यांचा प्रश्न सहज उडवून लावण्यासारखा नाही. या खोल्यांमुळे बांधकाम मजूर, रिक्षाचालक, घरकामगार आणि कारखान्यांतील कामगार यांना परवडणारा निवारा मिळाला, जो महामंडळाने आखून वसवलेल्या वसाहतींमध्ये (नोडमध्ये) त्यांच्यासाठी पुरेसा नव्हता. अर्थात, याच शब्दाच्या आडोशाने बाहेरच्या विकासकांनी जमीनधारकांशी करार करून चार-पाच मजली इमारती विक्रीसाठी उठवल्या, हेही खरे. ‘गरजेपोटी’ हा शब्द सर्वाधिक बदनाम झाला तो त्यांच्यामुळे.

२०२० च्या टाळेबंदीत या आधाराची मर्यादा दिसली. भाडेकरूंचे काम थांबले, अनेक जण आपापल्या गावी परतले आणि खोल्या रिकाम्या पडल्या. एकाच उत्पन्नावर विसंबलेल्या घरांना तेव्हा भिशीचा आणि नात्यागोत्याचाच आधार उरला.

पुढच्याच वर्षी नवी मुंबई विमानतळाला १९८४ च्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी १० जून २०२१ रोजी गावांनी मानवी साखळी धरली आणि २४ जूनला महामंडळाच्या मुख्यालयाला घेराव घातला. मागणी नावाची होती, पण रस्त्यावर उभी राहिलेली ताकद १९८४ च्या आठवणीतून आली होती. साखळीत उभ्या असलेल्या तरुणांपैकी अनेकांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची घरे भाडेपट्ट्याने नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. त्यामुळे वाद शब्दावरून मोजपट्टीवर आला. हद्द कुठून मोजायची आणि एकाच आळीतली काही घरे रेषेच्या आत व काही बाहेर राहिली तर काय करायचे, यावर गावकीच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या. शिवाय एकेकाळी स्वतःची असलेल्या जमिनीसाठी भाडेपट्टा का भरायचा, हा जुना आक्षेपही त्यांत नव्याने पुढे आला.