बुरशी घोड्याच्या गळ्यात, इलाज धमनीवर

2021 साली म्युकरमायकोसिसमुळे ‘काळी बुरशी’ घरोघरी माहीत झाली आणि अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईकांची धावाधावही सगळ्यांनी पाहिली. तेव्हापासून एक समज घट्ट बसला आहे: बुरशीवर औषध मिळालं की प्रश्न मिटला. खरं तर म्युकरमध्येही सडलेला भाग कापून काढावाच लागत होता. घोड्यांच्या एका आजारात तर शल्यचिकित्सक बुरशीला बहुतेकदा हातही लावत नाहीत. ते एक धमनी बंद करतात. पशुवैद्यकातला इतका देखणा उपचार मला दुसरा माहीत नाही.

आपल्या मधल्या कानापासून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. घाटात कानाला दडे बसले की आवंढा गिळून आपण तीच उघडतो. घोड्यात या नळीला दोन्ही बाजूंना एकेक हवेची पिशवी फुटलेली असते, गटरल पाउच. मोठ्या घोड्याच्या एका पिशवीत 300 ते 500 मिलिलिटर हवा सहज मावते. गाढव, झेब्रा, गेंडा यांनाही ती असते, गाईला किंवा आपल्याला नाही. या पिशवीच्या भिंतीलगत मेंदूकडे जाणारी अंतर्गत कॅरॉटिड धमनी आणि गिळण्याच्या, स्वरयंत्राच्या, जिभेच्या नसा जातात. मध्ये फक्त पातळ अस्तर. दौडताना मेंदूकडे जाणारं रक्त इथल्या हवेमुळे थंड होतं, अशी मांडणी 2000 साली ‘नेचर’मध्ये झाली. तिच्यावर वाद आहे.

धुरळलेल्या, ओल लागलेल्या वैरणीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतातच. ते प्रत्येक घोड्याच्या श्वासात जातात, पण आजार क्वचितच होतो. झाला तर बुरशीचा थर बहुधा पिशवीच्या छताला, नेमका धमनीवर धरतो आणि तिची भिंत पोखरतो. मग पागेत शांत उभ्या असलेल्या घोड्याचा घोळणा फुटतो. शर्यतीनंतर नाकात दिसणारं रक्त बहुधा फुप्फुसातलं असतं, हे मात्र विश्रांतीत येतं. पहिल्यांदा थोडं येऊन थांबतं, म्हणून मोतद्दार निर्धास्त होतो. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मोठा रक्तस्राव होतो. 500 किलोच्या घोड्यात सुमारे 40 लिटर रक्त असतं, तरी उपचार न झाल्यास रक्तस्राव झालेल्यांपैकी जवळपास निम्मे घोडे दगावतात.

नाकातून एंडोस्कोप घालून औषध फवारता येतं. पण थर छताला, औषध खाली ओघळतं. शिवाय त्याला आठवडे लागतात आणि धमनी तेवढी थांबेल याचा भरवसा नसतो.

म्हणून धमनीच बंद करायची. गळ्याकडच्या बाजूने दोरा बांधला की झालं, असं वाटेल. तसं करून पाहिलं गेलं, तरीही घोडे रक्तस्रावाने मेले. कारण मेंदूच्या तळाशी आहे. तिथे डाव्या-उजव्या धमन्या एकमेकींना जोडून एक कडं तयार होतं, विलिसचं वर्तुळ. दोन टाक्यांना जोडलेली पाइप मध्येच फुटली आणि आपण एकाच टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, तर दुसऱ्या टाकीचं पाणी उलट्या दिशेने येऊन त्याच भोकातून वाहणार. इथेही तसंच होतं: निरोगी बाजूचं रक्त कड्यातून फिरून, मेंदूच्या बाजूने मागे येऊन फुटलेल्या जागी पोचतं. तेव्हा बंद करायचं ते भोकाच्या दोन्ही अंगांना, हृदयाकडे आणि मेंदूकडेही. फ्रीमन आणि डोनाविक या पशुवैद्यांनी 1980 साली टोकाला फुगा असलेली नळी धमनीतून भोकाच्या पलीकडे सरकवण्याची पद्धत मांडली. पुढे धातूच्या बारीक कॉइल आल्या. मानेतल्या धमनीतून कॅथेटर घालतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत आधी मेंदूकडच्या बाजूला कॉइल सोडतात, मग अलीकडे. कॉइलवरच्या तंतूंवर रक्त गोठतं आणि वाट बुजते. मेंदू मात्र उपाशी राहत नाही. ज्या कड्याने आधी घात केला, तेच त्याला आता दुसऱ्या बाजूचं रक्त पुरवतं. आणि धमनी बंद झाल्यावर बुरशीचा थर पुष्कळदा औषधाविना सुकून जातो.

सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून भाव वर-खाली होतो. गळ्यावरचा देवमण शुभ मानतात. त्याच गळ्याच्या आत काय चाललंय, ते कुठल्याही भोवऱ्यावरून कळत नाही. विकत घेताना नाकपुडीतला वाळलेला रक्ताचा डाग बघा, गवत चावून गिळताना घोडा ठसकतो का ते बघा.

ठसका दिसला, किंवा पाणी आणि चंदी नाकातून परत येऊ लागली, तर बुरशी नसांपर्यंत पोचलेली असू शकते. कधी एका बाजूची पापणी उतरते आणि त्याच बाजूला कानाखाली घाम फुटतो. इथे कॉइलचा उपयोग नाही, ती रक्तस्राव थांबवते, नस दुरुस्त करत नाही. अशा घोड्याला पोटात नळी घालून महिनोन्महिने पोसावं लागतं. काहींचं गिळणं परत येतं, काहींचं कधीच येत नाही.