कुटुंबात आढळणारे दीर्घकालीन फुप्फुसविकार

एकाच कुटुंबातील दोन किंवा अधिक व्यक्तींना वर्षानुवर्षे टिकणारा फुप्फुसाचा आजार होतो, तेव्हा त्यामागे आईवडिलांकडून आलेली जनुके असू शकतात किंवा सर्वांनी एकाच छपराखाली घेतलेला श्वास. बहुतेक वेळा दोन्ही असतात. दमा, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा आजार), एम्फिसीमा (वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती नष्ट होणे), फुप्फुसतंतुमयता म्हणजे पल्मनरी फायब्रोसिस आणि सिस्टिक फायब्रोसिस (दाट श्लेष्म्याने श्वासमार्ग तुंबवणारा आजार) हे यातले प्रमुख विकार.

‘आमच्या घराण्यातच दमा आहे’ एवढ्यावरून आजार आनुवंशिक ठरत नाही. एकेका घरातली माणसे एकामागून एक दगावत, म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपातील अनेक डॉक्टर क्षयरोगाला रक्तातून उतरणारा विकार समजत. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये त्याचा जंतू दाखवला आणि त्या समजुतीचा पाया गेला. मात्र पुढे जुळ्यांच्या अभ्यासांत असे आढळले, की एकबीज (जनुके सारखीच असलेल्या) जुळ्यांपैकी एकाला क्षय झाल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण भिन्नबीज जुळ्यांपेक्षा जास्त असते. जंतू बाहेरून येतो, पण त्याला तोंड देण्याची ताकद काही अंशी वारशाने मिळते.

अल्फा-1 अँटिट्रिप्सिनची कमतरता : या विषयातले सर्वांत उलगडलेले उदाहरण हेच, म्हणून ते थोडे विस्ताराने पाहणे योग्य. 1963 साली स्वीडनमध्ये कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन यांना रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करणाऱ्या नेहमीच्या चाचणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत एक पट्टा जवळजवळ गायब दिसला. सुमारे 1500 नमुन्यांपैकी असे पाच निघाले आणि त्या पाचांपैकी तिघांना एम्फिसीमा होता. गायब असलेले प्रथिन म्हणजे अल्फा-1 अँटिट्रिप्सिन. ते यकृतात तयार होते आणि रक्तातून फुप्फुसात पोचते. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे विकर (एन्झाइम) सोडतात. हे विकर जंतूंबरोबर वायुकोशांच्या भिंतींतले लवचीक तंतूही पचवते. अल्फा-1 अँटिट्रिप्सिन त्याला वेळीच आवर घालते.

हे प्रथिन घडवणारे जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचा ‘झेड’ हा दोषयुक्त प्रकार आई व वडील दोघांकडून आला, तर प्रथिनाची घडी चुकते, त्याचे रेणू एकमेकांत अडकून यकृताच्या पेशींत साठतात आणि रक्तातले प्रमाण नेहमीच्या 10 ते 15 टक्क्यांवर येते. त्यामुळे एकाच दोषाचे दोन परिणाम दिसतात : फुप्फुस उघडे पडते आणि यकृतावर साठ्याचा भार येतो. काही अर्भकांना जन्मानंतर लांबणारी कावीळ होते, तर काहींना प्रौढपणी यकृताचा सिरॉसिस (यकृतात व्रण साचून ते निकामी होत जाणे) होतो.

आता यात धूर आणून पाहा. तंबाखूच्या धुरामुळे फुप्फुसात पांढऱ्या पेशींची गर्दी वाढते, म्हणजे इलास्टेज वाढते. शिवाय हाच धूर उरल्यासुरल्या अल्फा-1 अँटिट्रिप्सिनमधील एका मोक्याच्या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण करून त्यालाही निकामी करतो. दोन ‘झेड’ प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्याला तिशी-चाळिशीतच चालताना दम लागू लागतो. त्याच्याच धूम्रपान न करणाऱ्या भावंडाला कदाचित कित्येक दशके काहीच जाणवणार नाही. एकच ‘झेड’ प्रत असलेल्या वाहकाला सहसा त्रास होत नाही, पण तो धूम्रपान करत असेल तर सीओपीडीचा धोका वाढतो. आनुवंशिक आजाराचा नमुना म्हणून शिकवला जाणारा हा विकार प्रत्यक्षात पर्यावरणाच्या प्रभावाचाही तितकाच चांगला नमुना आहे.

इतर सीओपीडी : वरील कमतरता सीओपीडीच्या अगदी थोड्या रुग्णांत सापडते. उरलेल्यांत एकच दोषी जनुक नसून लहानलहान परिणाम करणारी अनेक जनुके असतात. बॉस्टनमधील एका गटाने 1998 मध्ये कमी वयात तीव्र सीओपीडी झालेल्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांची तपासणी केली. धूम्रपान करणाऱ्या नातेवाइकांत श्वासमार्ग अरुंद होण्याचा धोका इतर धूम्रपान करणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान न करणाऱ्या नातेवाइकांत मात्र तो वाढलेला आढळला नाही. वारसा होता, पण तो जागा व्हायला धूर लागत होता. याच आजाराशी जोडलेला पंधराव्या गुणसूत्रावरील एक भाग तर निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या, पेशींवरील ग्राहकांच्या (रिसेप्टर) जनुकांचा आहे. त्या जागेतील काही बदल माणसाला अधिक सिगारेटी ओढायला लावतात. त्यामुळे जनुकाचा परिणाम आणि सवयीचा परिणाम वेगळे मोजायचे कसे, हा प्रश्न आकडेमोडीपुरता राहत नाही.

उद्योगधंद्यांतले बेरिलियम या धातूच्या धुळीचे उदाहरण याच जातीचे. 1993 साली असे लक्षात आले, की या धुळीने फुप्फुसविकार झालेल्या बहुसंख्य कामगारांत रोगप्रतिकाराशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार होता. धूळ नसेल, तर हा प्रकार बाळगणाऱ्याला बेरिलियमचा आजार होऊच शकत नाही.

एका जनुकाचे विकार : सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सातव्या गुणसूत्रावरील, 1989 मध्ये ओळखलेल्या सीएफटीआर जनुकात दोष असतो. आईवडील दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल बाधित असण्याची शक्यता 25 टक्के. इतका ठाम आनुवंशिक आजारही परिस्थितीला पूर्णपणे बहिरा नसतो. दोष तोच असूनही घरात सिगारेटचा धूर सोसणाऱ्या रुग्णांची फुप्फुसे अधिक खालावलेली आढळतात.

फुप्फुसतंतुमयता : काही कुटुंबांत फुप्फुसाच्या ऊतीवर व्रणासारखे तंतू साचत जातात. 2007 मध्ये अशा काही घराण्यांत टेलोमरेज या विकराच्या जनुकांतले दोष सापडले. गुणसूत्रांच्या टोकांवरील संरक्षक आवरणे, म्हणजे टेलोमिअर, टिकवणे हे या विकराचे काम. ते नीट झाले नाही, तर पिढीगणिक टोके आखूड होत जातात आणि आजार आजोबांपेक्षा वडिलांना, वडिलांपेक्षा मुलाला लवकर गाठू शकतो. अशा घरांत वेळेआधी केस पांढरे होणे, अस्थिमज्जेचे विकार किंवा दारूशी संबंध नसलेला सिरॉसिस दिसतो. वैद्यकीय इतिहास घेताना केसांबद्दल विचारणे रुग्णाला विचित्र वाटते, पण प्रश्न रास्त आहे. फुप्फुसाचे रोपण करायची वेळ आली, तर ही माहिती औषधे ठरवताना उपयोगी पडते, कारण या रुग्णांची मज्जा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नीट सोसत नाही. 2011 मध्ये आणखी एक धागा मिळाला : श्लेष्मा तयार करणाऱ्या एमयूसी5बी या जनुकाजवळचा बदल. युरोपीय वंशाच्या सुमारे पाचांपैकी एका व्यक्तीत तो असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

घर हाच वारसा : एकत्र राहणाऱ्यांच्या वाट्याला जे येते, ते रक्ताचे नाते पाहत नाही. लाकूड, शेण किंवा कोळशावर स्वयंपाक होणाऱ्या घरात धुराचा मोठा वाटा स्वयंपाक करणारी स्त्री आणि तिच्याजवळचे लहान मूल यांना मिळतो. सून आणि सासू या दोघींना सीओपीडी झाला, तर तिथे जनुकांपेक्षा चूल आधी तपासावी. पाळलेल्या पक्ष्यांची पिसे व विष्ठा, किंवा ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी यांमुळे घरातल्या अनेकांना अतिसंवेदी न्यूमोनायटिस (श्वासातून गेलेल्या कणांच्या ॲलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज) होऊ शकतो. तो तंतुमयतेकडे झुकतो आणि वरवर पाहता आनुवंशिक वाटतो. कामावरचे कपडे घरी आणणे हीही एक वाट. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातील कामगारांच्या कुटुंबीयांना फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो, हे लंडनमधील 1965 च्या अभ्यासाने पुढे आणले. त्या बायकांपैकी अनेकींनी कारखान्यात पाऊलही ठेवले नव्हते, त्यांनी फक्त कपडे धुतले होते.

दम्याचे गणित आणखी गुंतलेले आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत त्याचा आनुवंशिक वाटा निम्म्याहून अधिक निघतो, आणि तरीही वंश जवळजवळ सारखा असताना प्रमाण बदलते. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज मूळचे मध्य युरोपातले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे 5 टक्के आणि हटराइट मुलांत सुमारे 21 टक्के दिले आहे. आमिश मुले गोठ्याशेजारी, जनावरांत वाढतात. हटराइटांची शेती यांत्रिक आहे आणि गोठे घरांपासून दूर. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंचे अंश बरेच जास्त होते. त्यावरून कोणीही गोठा म्हणजे औषध समजू नये. आधीच दमा असलेल्या माणसाला तीच धूळ त्रासदायक ठरू शकते.

हा प्रभाव जन्माआधीच सुरू होतो. गर्भारपणी आईने धूम्रपान केल्यास बाळाचे श्वासमार्ग अरुंद राहतात आणि बाळाच्या डीएनएवरील रासायनिक खुणाही बदलतात. जनुक तेच राहते, त्याचा वापर बदलतो. अशी कमी क्षमतेची सुरुवात पुढे महागात पडते. 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात सीओपीडीच्या सुमारे निम्म्या रुग्णांची फुप्फुसे झपाट्याने खालावलेली नव्हती, ती तरुणपणीच कमी क्षमतेची होती.

निदान आणि सल्ला : कुटुंबातील आजारांची नोंद किमान तीन पिढ्यांची घ्यावी. कोण कुठे राहत होते, कोणते काम करत होते, घरात कोण धूम्रपान करत होते, पक्षी होते का, हेही त्यात यावे. नातेवाइकांचे आजार विचारून घरांबद्दल न विचारणारी नोंद अर्धीच राहते. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची अल्फा-1 अँटिट्रिप्सिनची चाचणी एकदा तरी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दोष सापडला, तर भावंडांनाही चाचणी सुचवली जाते.

लक्षणे नसलेल्या बालकांची चाचणी करावी का, यावर मतभेद आहेत. स्वीडनने 1972 ते 1974 या काळात सुमारे 2,00,000 नवजात बालके तपासली आणि त्यांत दोन ‘झेड’ प्रती असलेली 127 बालके सापडली. निकाल कळल्यावर अनेक पालकांना इतकी चिंता जडली, की तो कार्यक्रम थांबवण्यात आला. ती मुले मोठी झाली, तेव्हा त्यांच्यात धूम्रपानाचे प्रमाण समवयस्कांपेक्षा कमी होते. चाळिशीच्या आसपास पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी कधीच धूम्रपान न केलेल्यांची फुप्फुसक्षमता दोष नसलेल्यांसारखीच होती.