अक्राला फिरायला जाताना: लस, व्हिसा आणि कागदपत्रं कोणत्या क्रमाने करावीत

अक्राचं तिकीट काढायच्या आधी पीतज्वराच्या लशीची तारीख मिळवा. घानाच्या या राजधानीला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाचं भाडं बघतात, मग हॉटेल, मग व्हिसा, आणि लशीची आठवण सगळ्यात शेवटी होते. करायला हवं ते नेमकं उलट. लशीचा दाखला नसेल तर व्हिसाचा अर्ज अपुरा राहतो, अक्राच्या विमानतळावर अडचण येते आणि परतताना मुंबईत त्याहून मोठी अडचण येते. म्हणून आधी लस, मग व्हिसा आणि पैसे अडकणारं तिकीट शेवटी. या सगळ्याला निवांतपणे तीन महिने हाताशी ठेवा.

यलो कार्ड

पीतज्वर म्हणजे यलो फीवर. तो एडिस डासामुळे पसरतो. हा डास आपल्याकडे मुबलक आहे, डेंग्यू पसरवतो तोच. पण पीतज्वराचा विषाणू भारतात नाही आणि आपल्या लोकांमध्ये त्याविरुद्ध प्रतिकारशक्तीही नाही. एक बाधित प्रवासी इथे उतरला आणि त्याला आपल्याकडचा डास चावला तर काय होऊ शकतं, या भीतीपोटी भारताचे नियम जगातल्या कडक नियमांपैकी आहेत. घाना, इथिओपिया, केनिया अशा देशांतून येणाऱ्याकडे वैध दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. सहाच का, तर डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच ती घ्यावी लागते आणि तिथल्याच शिक्क्याचं आंतरराष्ट्रीय लसीकरण प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं पुस्तक किंवा यलो कार्ड, चालतं. मुंबईत बंदर आरोग्य आणि विमानतळ आरोग्य कार्यालयांची केंद्रं आहेत, गोव्यात मुरगाव बंदराचं आहे. राज्यातल्या इतर केंद्रांची अद्ययावत यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. कुपी एकदा उघडली की तिच्यातले सगळे डोस काही तासांत संपवावे लागतात, त्यामुळे केंद्रं ठरावीक दिवशीच, आधी नोंदणी केलेल्यांना बोलावतात. मे महिन्यात, सुट्टीच्या हंगामात, तारीख मिळायला वेळ लागू शकतो. सोबत मूळ पासपोर्ट न्या, कारण कार्डावर त्याचा क्रमांक लिहिला जातो.

दाखला वैध होतो तो टोचल्यापासून दहा दिवसांनी. आज लस आणि परवा विमान, हे जमत नाही. पण एकदा वैध झाला की तो आयुष्यभरासाठी. पूर्वी दर दहा वर्षांनी लस घ्यावी लागायची, ती अट जुलै २०१६ मध्ये गेली. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते चालतं.

लस जिवंत विषाणूची आहे, त्यामुळे सगळ्यांना देता येत नाही. नऊ महिन्यांखालची बाळं, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, कर्करोगावर उपचार सुरू असलेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, थायमस ग्रंथीचा विकार असलेले, अशांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. साठीच्या पुढच्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका थोडा जास्त असतो. आईवडिलांना सोबत न्यायचा बेत असेल तर त्यांच्या डॉक्टरांचा होकार मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. वैद्यकीय कारणाने सूट मिळाली तर तिचं पत्र मिळतं, पण त्या पत्रामुळे परतल्यावरचं विलगीकरण टळेलच असं धरून चालू नका. गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस नुकतीच घेतली असेल तर तेही केंद्रावर सांगा. दोन जिवंत लशी एकाच दिवशी घेतल्या नसतील तर मध्ये चार आठवडे जावे लागतात.

आणि नाव नीट तपासा. आपल्याकडे पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी रचना असते, आणि घाईत लिहिताना मधलं नाव गळतं. माझ्या काकूंच्या कार्डावर माहेरचं आडनाव पडलं होतं, कारण त्यांनी खिडकीवर जुनं ओळखपत्र पुढे केलं. ते दुरुस्त करून घ्यायला पुन्हा एक दिवस मोडला. कार्ड हातात पडताच तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि शिक्का पासपोर्टशी ताडून घ्या. नंतर पासपोर्ट नवा झाला तर कार्डावरचा क्रमांक जुना राहतो. अशा वेळी जुना पासपोर्टही सोबत ठेवा.

व्हिसा कोणाला, कुठे

भारताचा साधा पासपोर्ट असलेल्याला घानाचा व्हिसा आधी काढावा लागतो. विमानतळावर उतरून घेण्याची सोय आहे असं कोणी सांगितलं तर अर्धंच खरं आहे. त्यासाठीही घानाच्या इमिग्रेशन सेवेची पूर्वपरवानगी लागते, ती तिथल्या यजमानामार्फत मागतात आणि शुल्क जास्त असतं. सहलीला जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असेल तर तुमचा पासपोर्ट ज्या देशाचा, त्या देशासाठीचे नियम तुम्हाला लागू. भारतीय पासपोर्टवर दुबईत किंवा लंडनमध्ये राहत असाल तर तिथल्या रहिवासाच्या पुराव्यासह तिथल्याच घाना कार्यालयात अर्ज करा.

भारतातून अर्ज नवी दिल्लीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयाकडे जातो. शोधताना ‘दूतावास’ नव्हे, ‘उच्चायुक्तालय’ शोधा. दोन्ही देश राष्ट्रकुलात असल्याने नाव तसं आहे. अर्जाचा नमुना, शुल्क, फोटोंची संख्या आणि आकार या गोष्टी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात त्यांच्याच संकेतस्थळावरून पाहून घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या जुन्या यादीवर विसंबू नका.

कागदपत्रांची फाइल

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा. ३६ पानांच्या पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणीचे दिवसही मोजा.

त्यासोबत भरलेला आणि सही केलेला अर्ज, अलीकडचे फोटो, यलो कार्डाची प्रत, जाण्या-येण्याच्या तिकिटाचं आरक्षण, हॉटेलचं आरक्षण आणि खर्च पेलण्याचा पुरावा. शेवटच्या बाबीसाठी बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली तर प्रश्न उभे राहतात. नोकरी असेल तर रजा मंजूर असल्याचं कंपनीचं पत्र, धंदा असेल तर नोंदणीचा कागद आणि आयकर विवरणपत्र जोडा. तुम्ही परत येणार आहात, हे या कागदांनी सांगायचं असतं. लहान मूल एकाच पालकाबरोबर निघालं असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र सोबत असू द्या.

नातेवाईक नोकरीनिमित्त अक्रात असतील आणि त्यांच्याकडे उतरणार असाल तर हॉटेलऐवजी त्यांचं निमंत्रणपत्र लागतं. त्याला त्यांच्या पासपोर्टची आणि तिथल्या निवास परवान्याची प्रत जोडायची. पत्रात तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि राहण्याचा पत्ता स्पष्ट लिहिलेला हवा.

तिकीट आरक्षित करा, पण व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट घेऊ नका. व्हिसा नाकारला गेला तरी त्याचं शुल्क परत मिळत नाही, निदान तिकिटाचे पैसे तरी बुडू नयेत.

प्रवासाचा आराखडा

एका पानाचा दिवसवार आराखडा मी नेहमी जोडतो, मागितला नसला तरी. तो लिहिताना आपल्यालाच कळतं की बेत किती खरा आहे. चार दिवसांत अक्रा, कुमासी आणि उत्तरेतलं मोल अभयारण्य लिहिणाऱ्याने नकाशा पाहिलेला नाही, हे अधिकाऱ्याला लगेच कळतं.

तीन दिवस अक्राला द्या. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एनक्रुमा यांचं स्मारक, ब्लॅक स्टार चौक, जेम्स टाउनची कोळी वस्ती आणि दीपगृह, मकोला बाजार. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला, सहाराच्या दक्षिणेकडच्या वसाहतींत अगदी आधी, आणि त्या दिवसाचा अभिमान या चौकात आजही जाणवतो. राष्ट्राध्यक्षांचं ज्युबिली हाउस मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने भारताच्या कर्जसाहाय्याने बांधलं आहे. ते रस्त्यावरून बघा, पण फोटो काढू नका. सरकारी आणि लष्करी इमारतींचे फोटो काढण्यावरून तिथे खरोखर अडवतात. लष्करी छापाचे कपडेही बॅगेत ठेवू नका, सामान्य नागरिकाने ते घालायला घानात बंदी आहे.

मग दोन दिवस पश्चिमेला केप कोस्टला. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण अक्रातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. केप कोस्टचा किल्ला आणि जवळचा एलमिना, जो पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, हे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. या तळघरांतून माणसांना गुलाम म्हणून जहाजांवर चढवलं गेलं. एका दिवसात दोन्ही किल्ले उरकू नका. वाटाड्याबरोबर आत गेल्यावर बाहेर येऊन थोडा वेळ नुसतं समुद्राकडे बघत बसावंसं वाटतं. काकुमच्या जंगलातला झाडांच्या शेंड्यांवरचा झुलता पूल दुसऱ्या सकाळी करा.

तारखा निवडताना पाऊस बघा. अक्रात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याइतकाच, पण त्यातला बराचसा मे-जूनमध्ये कोसळतो आणि रस्ते तुंबतात. नोव्हेंबर ते मार्च कोरडा काळ. डिसेंबर-जानेवारीत सहारावरून हरमटन वारा येतो, हवा धुळीने धुरकट होते. दम्याच्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावं.

मार्ग आणि पैसे

मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे जाता येतं. अदिस अबाबा आणि नैरोबी स्वतः पीतज्वराच्या यादीतल्या देशांत आहेत, त्यामुळे तिथल्या थांब्यावरही कार्ड हाताशी हवं.

सेडी हे तिथलं चलन इथे मिळणं कठीण. अधिकृत चलन विक्रेत्याकडून डॉलर घ्या. एका प्रवासात नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर.

उतरल्यावर

व्हिसावर मुदत कितीही लिहिलेली असो, तुम्ही घानात किती दिवस राहू शकता हे विमानतळावरचा अधिकारी शिक्क्यात लिहितो. खिडकीवरून हलण्याआधी तो आकडा वाचा. परतीच्या तारखेपेक्षा कमी असेल तर तिथेच नम्रपणे तिकीट दाखवा. मुदतवाढ नंतर अक्रातल्या इमिग्रेशन कार्यालयात मिळते, पण सहलीतले दिवस त्यात जातात. शेजारच्या टोगोतलं लोमे सीमेला अगदी चिकटून आहे, म्हणून एक चक्कर मारायचा मोह होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर बाहेर पडताच तो संपतो. तसा बेत असेल तर अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि टोगोचा वेगळा काढा.

लस पीतज्वराची आहे, हिवतापाची नाही. घानात सगळीकडे हिवताप आहे. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू करून परतल्यावरही काही काळ घ्याव्या लागतात. कोणत्या आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मुंबईत उतरल्यावर आरोग्य कक्षात यलो कार्ड दाखवा. त्यानंतरच्या काही आठवड्यांत, अगदी महिनाभरानेही, ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी घानाहून आलो आहे.