इंग्लंड आणि ब्रिटनची राजसत्ता

इंग्लंडच्या आणि पुढे ब्रिटनच्या गादीवर दहाव्या शतकापासून आजपर्यंत बसलेल्या राजा-राण्यांची परंपरा. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचा नातू ॲथलस्टन याने ९२७ मध्ये यॉर्क घेऊन इंग्लंड एका अमलाखाली आणले, म्हणून त्याला सबंध इंग्लंडचा पहिला राजा मानतात. वंशावळीच्या तक्त्यात ही परंपरा सलग धाग्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तो धागा अनेकदा तुटला. कधी तो तलवारीने जोडला गेला, तर पुढे पुढे सरदारांनी, धर्मगुरूंनी आणि शेवटी संसदेने आपल्या अटी घालून त्याला गाठ मारली. या इतिहासाचे खरे मर्म त्या अटींमध्ये आहे.

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरल्ड पडला आणि नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने गादी घेतली. नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा राज्याभिषेक होत असताना आतल्या लोकांनी जयघोष केला. बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना तो बंडाचा गलका वाटला आणि त्यांनी आसपासची घरे पेटवली. याच विल्यमने १०८६ मध्ये गावोगावची जमीन, नांगर आणि पाणचक्क्यांची मोजदाद करवून घेतली. ही नोंदवही आजही शाबूत आहे. महसुलाची अशी पकड बसल्यामुळेच पुढचे राजे बलाढ्य झाले, आणि महसुलावरूनच ते अडचणीतही आले. फ्रान्समधल्या लढायांसाठी राजा जॉनने पैसा उकळला, तेव्हा सरदारांनी १२१५ मध्ये रनीमीड इथे त्याला मॅग्ना कार्टाच्या सनदेवर मोहोर उठवायला लावली. कायदेशीर निवाड्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करायचे नाही, हे त्यातले कलम आजही इंग्लंडच्या कायद्यात आहे.

लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांचा भाऊबंदकीचा रक्तपात १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईनंतर ओसरला आणि ट्यूडर घराणे आले. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी नाते तोडून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख करून घेतले. पण त्यासाठीही त्याने संसदेचाच कायदा वापरला, ही गोष्ट त्याच्या सहा लग्नांपेक्षा जास्त दूरगामी ठरली. त्याची मुलगी पहिली एलिझाबेथ हिने ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. ती अविवाहित राहिली. तिच्यामागे १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स हाच इंग्लंडचाही राजा झाला.

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स राजसत्तेला ईश्वरी देणगी मानत असे. १६२९ पासून अकरा वर्षे त्याने संसदेशिवाय कारभार रेटला. १६४२ मध्ये यादवी युद्ध पेटले, राजा हरला आणि त्याच्यावर खटला चालला. मृत्युदंडाच्या हुकमावर ५९ जणांच्या सह्या आहेत. ३० जानेवारी १६४९ ला लंडनमध्ये कडाक्याची थंडी होती. थंडीने अंग कापले तर लोकांना ते भय वाटेल, म्हणून चार्ल्सने दोन सदरे चढवले. बँक्वेटिंग हाउसच्या ज्या दालनातून त्याला वधस्तंभाकडे नेले, त्याच्या छतावर राजपदाचा गौरव करणारी रूबेन्सची चित्रे होती. ती त्यानेच काढवून घेतलेली! कुऱ्हाड पडली तेव्हा गर्दीतून मोठा कण्ह उमटला, असे पाहणाऱ्याने लिहून ठेवले आहे.

राजपद रद्द झाले, राजचिन्हांचे सोने वितळवले गेले. बाराव्या शतकातला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला अभिषेकाचा चमचा मात्र राजाच्या जामदारखान्यातल्या एका जुन्या सेवकाने १६ शिलिंगांना विकत घेतला आणि पुढे दुसऱ्या चार्ल्सला परत केला. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या अभिषेकाचे तेल याच चमच्यात ओतले गेले.

१६६० मध्ये संसदेने दुसऱ्या चार्ल्सला बोलावून गादीवर बसवले. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याशी ठरलेल्या लग्नात मुंबई बेट त्याला आंदण मिळाले. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले.

त्याचा कॅथलिक भाऊ दुसरा जेम्स १६८८ मध्ये देश सोडून पळाला. नव्या राजदंपतीला, विल्यम आणि मेरीला, संसदेने १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने बांधून घेतले : संसदेच्या संमतीविना कर नाही, आणि शांततेच्या काळात तिच्या संमतीविना खडे सैन्यही नाही. मेरीची बहीण आणि पुढे राणी झालेली ॲन सतरा वेळा गरोदर राहिली. बालपण ओलांडेल असे वाटणारा एकच मुलगा होता, आणि तोही १७०० मध्ये अकराव्या वर्षी गेला. आईचे हे दुःख राज्याचा पेच ठरले. संसदेने १७०१ मध्ये कॅथलिकांना वारसाहक्कातून वगळले, आणि १७१४ मध्ये रक्ताने जवळचे पन्नासहून अधिक वारस डावलून जर्मनीतल्या हॅनोव्हरचा जॉर्ज राजा झाला. दरम्यान १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून ग्रेट ब्रिटन झाले होते. संसदेने संमत केलेले विधेयक राजपदाने नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा, ॲनच्याच कारकिर्दीतला.

जॉर्जच्या काळात रोजचा कारभार मंत्र्यांच्या हाती सरकत गेला. व्हिक्टोरियाच्या वाट्याला (१८३७–१९०१) सत्तेपेक्षा प्रतिमा अधिक आली. १८५८ चा राणीचा जाहीरनामा तिच्या नावाने निघाला, आणि तिच्या मुखवट्याचा राणीछाप रुपया महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. राज्य चालवत होते ते लंडनचे मंत्री आणि कलकत्त्याचा व्हाइसरॉय. ब्रिटिश राजसत्तेचा विचार करताना हा फरक विसरून चालत नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध लोकभावना तीव्र झाली, तेव्हा पाचव्या जॉर्जने १९१७ मध्ये घराण्याचे जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतले. आठव्या एडवर्डने १९३६ मध्ये लग्नासाठी गादी सोडली आणि धाकट्या भावाची शाखा पुढे आली. त्या भावाची मुलगी दुसरी एलिझाबेथ १९५२ पासून सत्तर वर्षे राणी होती. २०१३ च्या कायद्याने थोरल्या बहिणीआधी धाकट्या भावाला हक्क देण्याची जुनी रीतही संपली. त्यामुळे राजपुत्र विल्यमची मुलगी शार्लट ही २०१८ मध्ये जन्मलेल्या धाकट्या भावाच्या, लुईच्या, आधी वारसाक्रमात आहे.